मंडळीबाहेर

रणजितनं पहिल्याच संध्याकाळी मागितलं, आणि नानासाहेब म्हणाले, “पाहू.”

नानासाहेब साळव्यांचा ‘पाहू’ काय वजनाचा असतो, हे नगरच्या सेमिनरीतून शिकून बाहेर पडलेल्या कुठल्याही पाळकाला विचारावं. रजा मागितली तर ‘पाहू’, परीक्षा पुढं ढकला म्हटलं तर ‘पाहू’, आणि मग महिनाभर कुणी काही पाहायचं नाही. स्वतः दीक्षा घेतलेले पाळक, पण उभा जन्म त्यांनी तिथं मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास शिकवला. रोमी बादशहा, हुतात्मे, बिशप, त्या बिशपांची आपसातली भांडणं, सगळं तोंडपाठ. तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या बिशप सिप्रियनबद्दल ते असे बोलायचे, की नव्या पोरांना वाटावं हा सिप्रियन नगरच्याच सर्जेपुऱ्यात राहतो आणि रोज सरांकडे चहाला येतो. माणूस विद्वान, निर्मळ, कुणाच्या अध्यातमध्यात नाही; पण हट्टी इतका, की याच्याशी वाद घालताना देवानंही दोनदा विचार करावा.

इथं मागणारा मात्र विद्यार्थी नव्हता. एकुलता एक मुलगा होता. न्यूझीलंडमध्ये, अप्पर हट गावातल्या आपल्या लाकडी घरात, बैठकीच्या खोलीत, हॉस्पिसनं पाठवलेल्या वरखाली होणाऱ्या पलंगावर तो पडून होता. जठराचा कॅन्सर यकृतात उतरला होता. डॉक्टरांनी उपचार थांबवले होते. आता फक्त दुखू द्यायचं नाही, एवढंच काम उरलं होतं. त्यासाठी उशाशी एक लहानसा पंप होता, तो आपला हळूहळू औषध सोडत राहायचा. बाहेर जुलैची थंडी, डोंगरावरून उतरणारा वारा, आणि आत हीट पंपाची कोरडी ऊब. नानासाहेब प्रवासाचा कोट अंगात तसाच ठेवून मुलाच्या हाताकडे बघत बसले होते. त्या हाताची नुसती हाडं राहिली होती.

“पप्पा, मला प्रभुभोजन द्याल?”

त्याचं मागणं एवढंच होतं. भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. ख्रिस्तानं पकडलं जाण्याआधी शिष्यांबरोबर जे शेवटचं जेवण घेतलं, त्याची आठवण म्हणून मंडळी जे घेते ते. नगरच्या चर्चमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते ताट बाकाबाकांवरून फिरतं. रणजितच्या वाट्याला ते बारा वर्षांत आलं नव्हतं, आणि येऊ नये अशी व्यवस्था त्याच्या बापानंच केली होती.

झालं होतं असं. मेधा पुण्याची, हिंदू घरातली, रणजितच्याच कंपनीत होती. नानासाहेबांचा या लग्नाला विरोध नव्हता, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. चर्चमध्ये करा, नाहीतर रजिस्टर करा, दोन्ही चालेल, असं ते म्हणाले होते. पण मेधाचे वडील दीनानाथराव किडन्या निकामी होऊन शेवटाला आले होते, आणि कन्यादान आपल्या हातून व्हावं एवढी एकच इच्छा त्यांची उरली होती. रणजित मांडवात बसला. होमात लाह्या सोडल्या, तूप सोडलं, सप्तपदी चालला. दीनानाथराव महिन्याभरात गेले, समाधानानं गेले.

इकडं नानासाहेबांनी चर्चच्या पंच कमिटीत स्वतः ठराव मांडला. रणजित साळवे यानं परधर्माच्या विधीत बसून अग्नीला आहुती दिली, सबब उघड पश्चात्ताप करीपर्यंत त्याला सहभागितेतून, म्हणजे प्रभुभोजनातून, बंद करण्यात येत आहे. रविवारी व्यासपीठावरून तो वाचलाही त्यांनीच. पाळकसाहेब बिचारे म्हणत होते, मी वाचतो, तुम्ही बापमाणूस. हे म्हणाले, बाप आहे म्हणूनच मी वाचणार. पहिल्या बाकावर त्यांच्या पत्नी, वनिताबाई, मांडीवरचा रुमाल पिळत बसल्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. नवरा वर्गावर गेला की तेवढा मुलाला फोन लावायच्या, आणि असे फोन करता करताच एक दिवस गेल्या. रणजित आणि मेधा तोवर न्यूझीलंडला येऊन स्थिरावले होते. त्यांना मूल झालं नाही. त्याचाही अर्थ नानासाहेबांनी कधीतरी मनातल्या मनात लावून पाहिला होता. मग त्यांची त्यांनाच शरम वाटली, पण लावला होता खरा.

यात राग नाही, असं ते स्वतःला बजावायचे. राग नव्हताच, त्यापेक्षा अवघड गोष्ट होती, ती म्हणजे अभ्यास. रोमच्या डेसियस बादशहानं हुकूम काढला, की राज्यातल्या प्रत्येकानं देवांपुढं आहुती द्यावी. निखाऱ्यावर चिमूटभर धूप टाकायचा आणि घरी जायचं. हजारो ख्रिस्ती गेले आणि टाकून आले. कुणी धंद्यापायी, कुणी बायकापोरांपायी. गेले नाहीत त्यांतले कितीतरी तुरुंगात सडून मेले. आणि संकट टळल्यावर हे चिमूटवाले रडत मंडळीच्या दाराशी परत आले. यांचं काय करायचं? हा प्रश्न नानासाहेब दरवर्षी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे. रोमचा नोव्हेशियन म्हणाला, दार बंद; मरत असला तरी बंद. सिप्रियन म्हणाला, पश्चात्ताप करू द्या, वाट पाहू द्या, पण मरायला टेकला तर रिकामा जाऊ देऊ नका. नानासाहेब अर्थातच सिप्रियनच्या बाजूचे. नोव्हेशियनवर तर ते तुटून पडायचे. “त्याची मंडळी अगदी स्वच्छ होती, फक्त तिच्यात माणसं नव्हती,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि पोरं ठरल्या जागी हसायची.

तेव्हा ‘पाहू’ म्हणजे ‘नाही’ असं इथं तरी नव्हतं. रणजितनं एवढंच म्हणायचं होतं, की चूक झाली. एका वाक्यात, तोंडानं. मग त्या क्षणी भाकर मोडायला ते तयार होते.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी विषय काढला. दुपार होती. मेधानं ऑफिसमधून लांब रजा काढली होती. ती स्वयंपाकाच्या ओट्याशी मऊ भात ढवळत होती. तिकडच्या घरांत स्वयंपाकघराला बहुतेक भिंत नसते. बैठकीच्या खोलीतच एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला सोफा, आणि आता सोफ्याच्या जागी हा पलंग.

“आहुती दिली ती चूक झाली, एवढं म्हण,” नानासाहेब हळू आवाजात म्हणाले. “बाकी मला काही नको.”

रणजितनं डोळे मिटूनच विचारलं, “लग्न केलं ती चूक?”

“लग्न नव्हे. आहुती.”

“आमच्या ओंजळीत लाह्या पडत होत्या ना पप्पा, तेव्हा तिचे वडील समोर खुर्चीत बसले होते. बसवत नव्हतं त्यांना. दोघांनी धरलं होतं. आणि हसत होते.” तो थांबला, श्वास जुळवला. “ती तिथं माझ्यासाठी भात करतेय. तिच्यादेखत म्हणू, की तुझ्या बापाचं शेवटचं मागणं पाप होतं?”

“देवापुढं म्हणायचंय, तिच्यापुढं नव्हे.”

“या घरात भिंतच नाहीये, पप्पा. देवाला जेवढं ऐकू जाणार, तेवढं तिलाही जाणार.”

ओट्याशी भात ढवळणारा डाव थांबला होता. मग पुन्हा फिरू लागला.

“पेत्राचं काय?” रणजित म्हणाला. लहानपणापासून बापाच्या तोंडून हे सगळं ऐकलेला मुलगा. त्याच्याकडे दारूगोळा बापाच्याच कोठारातला होता. “ख्रिस्ताचा पट्टशिष्य असून तीनदा म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही. त्याच्याकडून कुणी वदवून घेतलं? ख्रिस्तानं तळ्याकाठी मासे भाजून खायला बोलावलं त्याला. प्रीती आहे का, एवढंच विचारलं.”

“पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला होता.”

“मी रडलो नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

इथं कुणीही शहाणा बाप गप्प बसला असता. उठून मुलाच्या कपाळावर हात ठेवला असता. नानासाहेब म्हणाले, “प्रश्न भावनेचा नाही, शिस्तीचा आहे.”

रणजित हसला. हसताना त्याला दुखलं. “तुम्ही नोव्हेशियन झालात, पप्पा.”

हा वार मात्र वर्मी बसला. नानासाहेब आपल्या खोलीत गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. मी नोव्हेशियन? ज्यानं मरणाऱ्यालाही दार उघडलं नाही तो? मी तर दार धरून उभा आहे, यानं उंबऱ्यापर्यंत यायचं तेवढं बाकी आहे. असा युक्तिवाद ते भिंतीशी करत राहिले, आणि भिंतीनं तो मान्य केला.

त्यातच बुधवारी पाळक आले. घरापासून जवळच चर्च होतं. रणजित गेली काही वर्षं तिथं जात होता, मागच्या बाकावर बसत होता. तिथले हे पाळक, ताविता नावाचे, मूळचे सामोआचे. दाराएवढा माणूस. एवढ्या थंडीत अर्धी चड्डी आणि पायात रबरी चपला.

“किया ओरा, सर,” म्हणत त्यांनी नानासाहेबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. नानासाहेब त्यांच्या पायांकडे बघत होते.

“पाळक आणि स्लिपर घालून घरभेटी?” नानासाहेब आत येऊन मेधाला म्हणाले.

“जँडल्स म्हणतात इथे, पप्पा. चालतं. हीप्स ऑफ, ढीगभर लोक घालतात.”

पण नानासाहेबांचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडं होतं. तावितांच्या हातात एक काळी लहानशी पेटी होती. जगाच्या पाठीवर कुठल्याही पाळकाला ती पेटी न उघडता ओळखता येते. आत मखमलीच्या खाचांत बसवलेले इवलाले पेले, रसाची कुपी, भाकरीची डबी. आजाऱ्याला घरी जाऊन प्रभुभोजन द्यायची पेटी. तावितांनी नम्रपणे विचारलं, थोडा वेळ आम्हा दोघांना मिळेल का? मेधा सासऱ्यांना घेऊन नदीकाठी फिरायला गेली. परत आले तेव्हा तावितांचं गाणं दारापर्यंत ऐकू येत होतं, आणि रणजितचा चेहरा निवांत होता.

म्हणजे मिळालं, नानासाहेबांनी ताडलं. त्यांना दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक म्हणजे राग, की या चपलावाल्यानं काही चौकशी न करता देऊन टाकलं. आणि दुसरी, जी त्यांनी स्वतःशीही नीट कबूल केली नाही, ती म्हणजे सुटका. चला, मुलगा उपाशी जाणार नाही. आता आपण आपल्या तत्त्वावर उभं राहायला मोकळे.

त्यांनी विचारलं मात्र नाही. रणजितला नाही, मेधाला नाही, तावितांना तर नाहीच. एका पाळकानं आजाऱ्याच्या उशाशी काय केलं, हे दुसऱ्या पाळकानं विचारायचं नसतं. नगरला ते पोरांना हे पहिल्या वर्षी शिकवायचे. पुढच्या बुधवारी ताविता पेटी घेऊन पुन्हा आले, नानासाहेब आपणहून कोट चढवून नदीवर गेले. त्याच्या पुढच्या बुधवारीही.

रणजित उतरत चालला. मऊ भाताचे दोन घास, मग एक, मग नुसती पेज. एका दुपारी जाग होती तेव्हा म्हणाला, “सेरापियनची गोष्ट सांगा ना.” लहानपणी ही त्याची आवडती गोष्ट, का, ते देव जाणे. मेधा पलंगाच्या कडेला येऊन बसली. नानासाहेबांनी सांगायला घेतली.

अलेक्झांड्रियाचा म्हातारा सेरापियन. सगळा जन्म चांगला वागलेला, पण डेसियसच्या वेळी घाबरला आणि आहुती देऊन बसला. नंतर मंडळीच्या पाया पडायचा, मला आत घ्या. कुणी लक्ष दिलं नाही. मग आजारी पडला, वाचा गेली. शेवटी जरा शुद्ध आली तेव्हा नातवाला म्हणाला, मला किती अडकवून ठेवणार? जा, पाळकाला आण. पाळक स्वतः अंथरुणात. पण बिशप डायोनिसियसचा हुकूम होता, की मरणारा मागत असेल तर द्यायचं. पाळकानं भाकरीचा तुकडा नातवाजवळ दिला आणि सांगितलं, भिजवून त्याच्या तोंडात सोड. पोरगं धावत आलं. म्हाताऱ्यानं तुकडा गिळला आणि प्राण सोडला.

“छान सांगता,” मेधा म्हणाली. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, “त्यानं चूक कबूल केली होती का, पप्पा?”

“तो मागत होता,” नानासाहेब म्हणाले. “सारखा मागत होता.”

“मग रणजितही मागतोच आहे की.”

नानासाहेबांनी हयातभर ही गोष्ट सांगितली, पण हा प्रश्न कुठल्या पोरानं विचारला नव्हता.

“माझी अडचण होत असेल तर मी जाते थोडा वेळ,” मेधा उठत म्हणाली. “ट्रेन पकडते, वेलिंग्टनला जाऊन येते. काय वदवून घ्यायचंय ते घ्या. मला वाईट वाटेल, पण मी सांभाळेन माझं. पण तुम्ही त्याला द्या. बाप आहात ना तुम्ही?”

“तू कुठं जायचं नाहीस,” रणजित डोळे मिटून म्हणाला.

त्या दिवशी नानासाहेब जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, शुक्रवारी, हॉस्पिसची नर्स आली. काडीच्या टोकाला बसवलेला गुलाबी स्पंज पाण्यात बुडवून तिनं रणजितचे ओठ ओले केले; ग्लासनं पिणं आता जमत नव्हतं. रणजित लहान बाळासारखा तो स्पंज चोखत होता. ते बघून म्हाताऱ्याच्या आत काहीतरी मोडलं. मोडलं तेही तिरकंच मोडलं, कारण माणूस तसाच होता.

नर्स गेल्यावर ते पलंगाशी आले. “रणजित, देतो मी. तू काही म्हणू नकोस. काही नको म्हणूस.”

रणजितनं डोळे उघडले. खोल गेलेल्या त्या डोळ्यांत इतका आनंद होता, की नानासाहेबांना बघवेना. “आत्ता?”

“आत्ता कसं? असं घाईघाईनं, पायजम्यावर देतात का? रविवारी देतो. नीट, झगा घालून, उपासना करून. बारा वर्षांनी घेणार आहेस.”

मनात होतं ते वेगळंच. पेटीतलं तर तुला मिळालेलंच आहे, तीनदा मिळालंय. माझं हे चौथं, बापाचं. दोन दिवसांनी काय बिघडतं? निदान थाटानं होऊ दे.

रणजित त्यांच्याकडे बघत राहिला. काहीतरी म्हणणार होता, पण म्हणाला नाही. मग ओठांच्या कोपऱ्यातून हसून पुटपुटला, “स्वीट ॲज, पप्पा.” तिकडं ‘ठीक आहे’ला असं म्हणतात.

शनिवारी सकाळी नानासाहेब स्वतः चालत कोपऱ्यावरच्या डेअरीत गेले. दूध-दह्याचं दुकान नव्हे, वाण्याचं. तिकडं त्यालाच डेअरी म्हणतात. तिथून द्राक्षाचा रस आणि ताजा पाव आणला. बॅगेच्या तळाशी आणलेला पांढरा झगा काढला. तो आपण नगरहून कशासाठी आणला, हे त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. मेधाकडून इस्त्री मागून घेतली. ती म्हणाली, मी करून देते. हे म्हणाले, मीच करणार. बाही सपाट करत होते, तेवढ्यात मेधानं हाक मारली. रणजित उठत नव्हता.

नर्स आली, नाडी पाहिली, पंपातलं औषध वाढवलं. “आता तो बहुतेक जागा होणार नाही,” ती हळुवारपणे म्हणाली. “त्याला त्रास होत नाहीये. तोंडात मात्र आता काही घालू नका.”

रविवारी सकाळी पांढरा झगा घालून नानासाहेब मुलाच्या उशाशी उभे राहिले. एका हातात ताटली, दुसऱ्यात पेला. रणजितचं तोंड उघडं होतं, श्वास घरघरत, थांबत, पुन्हा येत होता. नानासाहेबांनी पावाचा तुकडा मोडला, रसात भिजवला, पुढं नेला. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला नर्स होती. तिनं त्यांचं मनगट धरलं.

“नको. त्याला गिळता येत नाही. घशात अडकेल.”

“एवढासाच आहे,” नानासाहेब म्हणाले. मराठीतच म्हणाले. नर्सला शब्द कळले नाहीत, पण तिनं मनगट सोडलं नाही. मेधा भिंतीला टेकून उभी होती. तिनं तोंड फिरवलं. रसाचा एक थेंब पांढऱ्या बाहीवर पडला आणि पसरत गेला. नानासाहेबांनी तुकडा ताटलीत परत ठेवला. सकाळची उपासना जवळच्या चर्चमध्ये चालू होती त्या वेळात कधीतरी रणजित गेला.

दुपारी ताविता आले. आज पायात बूट होते. त्यांनी मेधाला जवळ घेतलं, रणजितच्या पायांशी गुडघे टेकले, आणि मग नानासाहेबांशेजारी येऊन बसले. नानासाहेबांच्या अंगात अजून झगा होता. मग नानासाहेब इंग्रजीत, वर्गातल्यासारखं स्वच्छ बोलले. “तुमचे आभार मानायचे होते. मला उशीर झाला. पण तुम्ही त्याला देत होतात, याचं मला मोठं समाधान आहे.”

“काय देत होतो?”

“प्रभुभोजन. दर बुधवारी.”

तावितांनी मान वर केली. त्यांचा रुंद चेहरा गोंधळला, आणि मग त्यांना समजलं, आणि समजल्याबद्दल त्यांना वाईट वाटलं, हे सगळं त्या चेहऱ्यावर एकामागोमाग दिसलं.

“त्यानं घेतलं नाही, सर.”

“कधीच?”

“मी दर वेळी पेटी उघडायचो. दर वेळी तो म्हणायचा, थँक्स, पण माझे वडील देणार आहेत. मी म्हटलं, आत्ता घे, त्यांच्याकडूनही नंतर घे. तर म्हणाला, नको. त्यांना वेळ लागतो, पण ते देतील. त्यांच्याआधी घेतलं तर त्यांना वाटेल, मी त्यांची वाट पाहिली नाही.” ताविता आपल्या मोठाल्या हातांकडे बघत होते. “मग आम्ही नुसतं गायचो.”

“मला सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही स्वतः पाळक आहात, वडील आहात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊकच असणार. तुम्ही कधी विचारलंही नाहीत.”

त्या आठवड्यात बरंच झालं. मेधानं स्वतःहून सांगितलं, अग्नी नको, त्याच्या पद्धतीनं दफन करा. टेकडीवरच्या दफनभूमीत वारा इतका होता, की तावितांचे शब्द कुणाला नीट ऐकू आले नाहीत. मेधानं मूठभर माती टाकली आणि नंतर तो हात कितीतरी वेळ पुसला नाही. नानासाहेबांना चार शब्द बोलायला सांगितलं होतं. हयातभर बोललेला माणूस उभा राहिला आणि तसाच खाली बसला.

पुढच्या रविवारी मेधा म्हणाली, मला त्याच्या चर्चमध्ये जाऊन बसायचंय, तुम्ही येता? गेले. मागच्या बाकावर बसले, रणजित बसायचा तिथं. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट ओळीओळीनं मागं येऊ लागलं. आधी कुणी म्हातारी, मग एक जोडपं, मग ते नानासाहेबांच्या हातात आलं. त्यांनी ते धरून ठेवलं. शेजारचा माणूस वाट बघू लागला. मग नानासाहेबांनी काही न घेता ताट त्याच्याकडं दिलं.

मेधाच्या ते लक्षात आलं. ती त्यांच्याकडं वाकून कुजबुजली, “पप्पा, तुम्ही घेतलं नाहीत?”

“नाही.”

“का?”

“आधी चूक कबूल करावी लागते.”

“मग करा ना,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना सोसवेना.

“कुणापाशी करू?” नानासाहेब म्हणाले. हे जरा मोठ्यानं बोललं गेलं. पुढच्या ओळीतल्या दोघांनी वळून पाहिलं. समोर लोक माना खाली घालून खात होते.